कपाटातला ओक

डाग घासून जाईल का, मिसेस हाल्व्हरसननी फोनवर विचारलं.
मी बघितल्याशिवाय बोलत नाही.
बघितलं, आणि मग बोलवेना.
जेवणघराच्या खिडकीखाली, जिथून सुपीरियर सरोवर दिसतं
आणि डुलुथच्या धक्क्यावर खनिज भरायला आलेली लांबलचक जहाजं,
तिथे ओकच्या सात फळ्या,
आतून शाई वर यावी तशा काळ्या.

सार्जंट, त्या म्हणाल्या. चौदा वर्षांचा होता.
शेवटच्या हिवाळ्यात त्याला पायऱ्या उतरवेनात.
ऑर्विल म्हणायचा, राहू दे, पुसून घेऊ.
मग ऑर्विललाही वाकवेना.

कुत्र्याच्या मुताने ओक काळा पडतो तो पार तळापर्यंत.
लाकडाचं आणि त्या पाण्याचं आपसांत काही ठरतं,
तिथे घासयंत्राचं चालत नाही.

टेव्हिस, पातं पाऊण इंचावर ठेव.
खाली पाइनच्या फळ्या आहेत, त्यांनी काही केलेलं नाही.
मधली आधी फोड. कडेच्या मग आपण होऊन सैल पडतात.
आणि चौकोन कापू नकोस, चौकोन म्हणजे कबुलीजबाब.
एक फळी इथवर, दुसरी वीतभर पुढे, तिसरी मागे,
दात पडलेल्या तोंडासारखं राहू दे.

खाली तांबडा कागद, एक गंजकी हेअरपिन,
आणि निळ्या पेन्सिलीने कुणीतरी मांडलेली बेरीज.
चुकलेली. हातचा धरायचा राहून गेला होता.

दुकानातला ओक इथे चालत नाही,
जुन्यांच्या पंगतीत नव्या जावयासारखा ताठ बसतो.
म्हणून आम्ही घरातल्या घरात चोरी करतो:
कोटांच्या कपाटातली जमीन उचकटायची.
त्याच गठ्ठ्यातून, त्याच आठवड्यात आलेल्या फळ्या,
पण नव्वद वर्षं बुटांच्या वासात काढलेली,
ऊन ठाऊक नाही.

शेवटची फळी कधीच सुखाने जात नाही.
एका अंगाला जीभ, दुसऱ्या अंगाला खाच,
दोन्हीकडून अडते.
तेव्हा तिचा खालचा ओठ कापायचा,
वरून टेकवायची, ठोकळा धरायचा, आणि हातोडी,
पोकळ, पोकळ, पोकळ,
मग एकदम भरीव.
टेव्हिसला तो फरक ऐकू आला नाही.
त्याने आणखी दोन मारले आणि कड दुखावली.

कपाटाच्या खड्ड्यात मी प्लायवूड घालणार होतो.
मिसेस हाल्व्हरसन दारात आल्या, काखेत काळी फळी, खिळे बाहेर.
ह्या तिथे बसतील ना?
म्हटलं, ऑगस्टच्या दमट हवेत वास येईल.
येऊ दे.
कोटांना लागेल.
कोट ऑर्विलचेच आहेत.

सातातल्या दोन फुटल्या होत्या. पाच बसल्या.
राहिलेल्या जागेला प्लायवूड लावलंच.

पॉलिशचा दुसरा हात वाळला त्या दिवशी आडवं ऊन आलं
आणि ठिगळ दिसलं, फिकट, नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखं.
म्हटलं, ऊन खाईल, दोनतीन वर्षांत मिसळून जाईल.
मी एक्क्याऐंशीची आहे, त्या म्हणाल्या,
आणि स्टुलावर चढून खिडकीचा पडदाच काढायला लागल्या.
टेव्हिसने स्टूल धरलं.

बिलात कपाट लिहिलं नाही.
गाडीत त्याने दोनदा विचारलं.