गस्त, सात वाजून दहा

खात्यानं सायकली दिल्या तेव्हा
नाक्यावरचे सगळे हसले.
एकवीस गिअर, आणि कॅरिअर नाही!
भिलावेकर म्हणाला, मॅडम, डबा कुठं बांधता?
मी डबा पाठीला बांधला.

चुनाभट्टीच्या माथ्यापर्यंत सायकल म्हणजे ओझंच.
ढकलायची. मुरूम बुटाखालून निसटतो,
सालईला हात टेकला की डिंक लागतो,
मग दिवसभर ब्रेकही चिकट.
वर कॅमेऱ्याची बॅटरी बदलायची,
वहीत वेळ लिहायची: सात वाजून दहा.
रात्री इथून एक अस्वल गेलंय, दोन सायाळी,
आणि परवाच्या फोटोत
माझेच बूट.

मग सीट चार बोटं खाली.

दीड किलोमीटर उतार. मार्च.
सागाची पानं पडलीत पत्रावळीएवढी,
खाली काय आहे ते पानालाच ठाऊक:
दगड, मूळ, नाहीतर नुसतीच पोकळी.
चाक पानांवर चढलं की
कुणी पापडाचा डबा सांडल्यागत
अख्ख्या रानाला कळतं.
माकडं खाकरतात, चितळ ओरडतं.
ही म्हणे आमची गुपचूप गस्त!

परतवाड्याचे इंगोले सर
मैदानात विटा मांडून शिकवायचे:
ज्या दगडाकडे पाहाल त्याच दगडावर जाल.
दोन बोटं ब्रेकवर, बूड मागं, कोपर सैल,
नजर तिथं, जिथं जायचंय.
मी विटेकडेच पाहिलं. चौदा वेळा.
चौतिसाव्या वर्षी गुडघे फुटले की
नवरा औषध लावताना काही बोलत नाही,
फुंकर मात्र जरा जास्तच घालतो.

आठवीत मिळाली होती तशी एक सायकल,
शाळेतून, माझ्या नावावर, माझ्या सहीनं.
दादानं तीन वर्षं तिच्यावरून दूध घातलं.

असो. वळण आलं.

पहिलं वळण धावड्याचं, तिथं पाय काढायचा नाही.
दुसऱ्यात पावसानं कोरलेली घळ,
पुढचं चाक तिच्या काठानं जातं
आणि मागचं आपल्या मनानं.
दात वाजतात, डबा मणक्यावर वाजतो,
पोटात काहीतरी सुटतं, आणि मी
ओरडते, मोठ्यानं, काय ते मला माहीत नाही.
घरी मी कधी ओरडत नाही.

तिसऱ्या वळणावर गवा.

एवढा काळा की सकाळ त्याच्याभोवतीनं गेली होती.
पांढरे मोजे. शिंगावर वेलीचा एक तुकडा.
दोन्ही ब्रेक, सगळी बोटं, सगळा डिंक.
मागचं चाक घसरलं, मी रायमुनियाच्या जाळीत,
सायकल वाटेवर आडवी,
आणि तिचं चाक हवेत फिरतंय:
टिकटिकटिकटिक, टिक टिक, टिक.
गव्याचे कान वळले.
माझेही.
आम्ही दोघं ते चाक थांबेपर्यंत ऐकत राहिलो.
टिक.
मग तो नाकातून फुसकन बोलला
आणि नाल्यात उतरला, सावकाश,
ड्यूटी संपल्यासारखा.

मी त्याच्याकडेच पाहत होते, इंगोले सर,
डोळे फाडफाडून. तरी नाही गेले त्याच्यावर.

पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं.
वहीत लिहिलं: गवा, नर, एक. सात बावीस.
पडल्याचा रकाना नसतो.
उरलेला उतार बसून नाही, उभ्यानं केला,
आणि खालच्या नाल्याआधी
जिथं रोज उतरून ढकलते
तिथं उतरायचं राहूनच गेलं.

नाक्यावर भिलावेकरनं माझ्या केसांतली पानं पाहिली,
पाठीवरून ओघळलेलं पिवळंजर्द वरण पाहिलं.
इचिन, म्हणाला फक्त.
सायकल घेतली, मागून उचलून धरली,
पायडल एकदा उलटं-सुलटं करून
चाक जोरात फिरवलं
आणि कान लावून उभा राहिला.