चार्जिंगचा एक तास

डॉक्टर ठवकर म्हणाले, ही तुमच्याआधी ओळखेल.
नाडी मोजते, घाम मोजते, हाताची थरथर मोजते,
आणि यायचीच असेल तर दहा-पंधरा मिनिटं आधी
मनगटावर तीनदा गुरगुरते.
नेहमीच ओळखेल असं नाही, हेही म्हणाले,
पण तोवर आईने पट्ट्याचं बक्कल लावून टाकलं होतं.

आई तिला बांगडी म्हणते.
"काय म्हनते वं तुई बांगडी?"
रोज सकाळी, दुधाच्या पिशवीचा कोपरा कापता कापता.

पहिल्याच मे महिन्यात बांगडी वेडी झाली.
नवतपा, पाचपावलीतलं आमचं टिनाचं छत,
कूलरची मोटर जळलेली.
घाम कोपरावरून निथळायचा
आणि ही दर तासाला गुरगुरायची.
तिला वाटलं असेल
आता अख्ख्या नागपुरालाच आकडी येते.

एकदा सीताबर्डीला, मेट्रोच्या जिन्याखाली.
तीन गुरगुर.
मी चष्मा काढला, किल्ल्या पर्समध्ये टाकल्या,
भिंतीला टेकून खाली बसले.
शेजारी मोबाइलची कव्हरं विकणारा पोट्टा.
त्याला म्हटलं, दादा, मला फिट येणार आहे.
चप्पल हुंगवू नका, कांदा नको, तोंडात काही घालू नका.
कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा.
"कधी येनार?" त्याने विचारलं,
जशी कामठीची बस.
आम्ही दोघं वाट पाहत बसलो.
त्याची तीन कव्हरं खपली. मला त्याने पाणी दिलं.
वीस मिनिटं झाली, आली नाही.
"मंग आता?" जरासा हिरमुसलाच.
मी चष्मा घातला.
इतकी वर्षं पडायची लाज वाटायची,
त्या दिवशी न पडल्याची वाटली.

मला स्वतःला कधीच कळलं नाही.
जळक्या रबराचा वास, आणि मग थेट छत,
छताला चिकटलेले चेहरे, जिभेवर रक्त,
आणि माझ्या आयुष्यातली तीन मिनिटं
दुसऱ्याच कुणाला पाठ.

बहुतेक वेळा आईला.
बांगडीच्या आधी तीच होती.
मी चहात चमचा उलटा फिरवला की,
बोलता बोलता एखादा साधा शब्द हरवला की,
पोळी तव्यावर सोडून ती माझ्यामागे येऊन उभी राहायची.
चुकायचीही. कितीतरी पोळ्या उगाच जळल्या.
एकोणीस वर्षं माझ्याकडे तोंड करून झोपली,
एक हात माझ्या पोटावर.
आता भिंतीकडे वळून झोपते.
आई घोरते, हे मला यंदा कळलं.

फक्त बांगडीला रोज तासभर चार्जिंग लागतं.
रात्री नऊ ते दहा माझं मनगट उघडं,
पट्ट्याखालचा तेवढाच गोरा चट्टा.
त्या तासात आई काही करत नाही.
भाजी निवडत नाही, टीव्ही लावत नाही.
लाल दिवा हिरवा होईस्तोवर
समोर बसून माझा चमचा बघते.

परवा, दिवा हिरवा झाल्यावर,
गंमत म्हणून बांगडी मी तिच्याच हातात चढवली.
काचेच्या बांगड्यांमध्ये नीट बसेना.
"मले काय होते," म्हणाली,
आणि हात लांब धरून बघत राहिली,
कुणा पाहुणीचा असावा तसा.
मी पाणी घ्यायला उठले. माठाजवळ गडवा निसटला.
आपटला, घरंगळत मोरीपर्यंत गेला. एवढंच.

वळले तर आई उंबऱ्यावर, माझ्या मागे, हात पसरून,
आणि तिच्या मनगटावर
बांगडी गुरगुरत होती.
एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा झाल्यावर आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

बंद कशी करतात, तिने विचारलं.
कडेचं बटण, पाचपर्यंत दाबून धरायचं.
तिने दाबलं. ओठांतल्या ओठांत पाच मोजले.
मग काढून माझ्या तळहातावर ठेवली, अजून गरम.
"तुयीच हाय," म्हणाली,
आणि सांडलेलं पाणी पुसायला खाली बसली.