मागची गल्ली

हवालदार बोबडे भर दुपारी आले, फटफटी निंबाखाली लावली,
पिवळी फाईल कॅरिअरच्या रबरात.
"वच्छलाबाई, सुगत नगराळेले ओळखता?"

ओळखतो म्हणजे,
पायाच्या आवाजावरून ओळखतो मी त्याले.
चार वर्षं झाले, थो माह्या दारावरून जात नाई.
शाळेपासून डेपोच्या बसपर्यंत सरळ रस्ता
माह्या ओट्यासमोरूनच हाये.
थो जाते मागच्या गल्लीतून,
गोबरगॅसच्या खड्ड्याले वळसा घालून,
चिखल असला त चप्पल हातात घेऊन.

आमचे हे गेले, तवा त्यायचे दोन साउंडबॉक्स
मी सुगतले इकले. अठरा हजारात.
पाच दिले त्यानं. बाकी देतो म्हणे लगनसराईत.
थ्या साली लगनसराईच झाली नाई.
बॉक्स पडले कोठ्यात, उंदरानं कोन कुरतडले,
आन् बाकीचे पैसे तसेच राहिले
आमच्या दोघायच्या मधात,
दोघंही पाहते, कोणी हात लावत नाई.

बोबड्यानं पेनाचं टोपण दातात धरलं.
"डेपोत लागून राहिला पोट्टा. बारुदाच्या कोठारावर.
म्हणून गावात इचारा लागते.
दारू?"
नाई.
"मारामारी, केस?"
नाई.
"कोणाचं देणं?"

टिनावर कावळा चालत होता.
त्याच्या नख्या मोजत बसली मी.

"देण्यात पाप नाई, बाई.
आमच्या ठाण्यात कोणावर नाई?
पण ज्याले तोंड लपवा लागते नं,
त्याले एखादा माणूस बरोबर मागच्याच गल्लीत भेटते.
चहा पाजते. म्हणते, तेरा हजारासाठी एवढा जीव जाळतं काय रे?
हे घे. फक्त सांगजो,
बुधवारी किती ट्रक निंगाले.
सरकार पैसे मोजत नाई,
थे गल्ली पाहते."

मी म्हटलं, नाई. कोणाचंच काई नाई.
पोरगं गुणाचं हाये. लिहा तुमी.

त्यानं लिहिलं नाई.
फाईल उघडली, एक पान माह्याइकडं फिरवलं.
सुगतचं अक्षर. सातवीत माह्या ओट्यावर बसून
निबंध लिहे, थेच,
'त'चं शेपूट लांब.

थकीत देणे : होय.
श्रीमती वच्छला हिरामण टेंभुर्णे, रुपये तेरा हजार.
परत न करण्याचे कारण :
इथं पहिले काईतरी लिहून खोडलं होतं,
खोडल्याच्या खाली, बारीक,
पैसे जमले होते एकदा, जायची लाज वाटली.

तवा ध्यानात आलं,
हवालदार आकडा आधीच बोलून गेला होता,
मीच आयकला नाई.

"आता पाहा," बोबडे म्हणे, "पोट्टा खरं बोलला
आन् तुमी त्याच्यासाठी खोटं.
दोन कागद जुळले नाई त साहेब त्याच्यावरच शक घेते.
म्हणते, बाईले यानंच पढवली."

मी घरात गेली. डब्याखालची वही आणली.
तारीख वाचून दाखवली, पाच दिल्याची सही दाखवली.
लिहा म्हटलं, देणं हाये.
लिहा म्हटलं, मी कधी मागाले गेली नाई.
हे बी लिहा. "हे कॉलमात बसत नाई," थो म्हणे,
पण कागदाच्या कडेले बारीक लिहिलं त्यानं.

साहेब काय ठरवते, मले काय माईत.

सांजेले मागच्या दाराची कडी काढाले गेली,
गंजली होती, गोट्यानं ठोका लागली.
दार अर्धंच उघडलं, खाली माती साचली होती.
बस आल्याचा आवाज आला,
मंग थोच पायाचा.
अर्ध्या दारापाशी थांबला.

थो काई बोलला नाई. मी बी नाई.
तेरा हजार अजून तेरा हजारच हायेत.