बुधवारची सुई

बुधवारी बाजार भरायचा तेव्हा
माझ्या बापाच्या हातात स्टीलचा डबा असायचा,
कंपासपेटीपेक्षा थोडा लांब,
आत तीन सुया, काचेची दोन नळकांडी,
आणि सकाळी एकदाच उकळलेलं पाणी.

डॉक्टर लुनावर यायचा. डिग्री कुठली, कोणी विचारलं नाही.
गुळाच्या दुकानामागं, निंबाखाली रांग लागायची.
"गोयीनं काय होते, डॉक्टर? सुई टोचा."
ताप असो, कंबर असो, नुसता शीण असो,
टोचल्याबिगर पाच रुपये फिटत नव्हते.
बाप सुई पुसायचा स्पिरिटच्या बोळ्यानं,
बोथटली की फुटक्या पाटीवर घासायचा
आणि पुढच्याला म्हणायचा, दंड मोकळा कर.

मी बाजूला बसून रिकाम्या बाटल्या जमवायची.
माझ्या भातुकलीत चूल नव्हती,
दवाखाना होता.

आता मी आरोग्य केंद्रात रक्त तपासते.
नव्या सुईचं पाकीट
पेशंटच्या कानाजवळ फाडते, त्याला ऐकू जावं म्हणून.
काम झालं की सुई कटरमध्ये. कट्.
पलीकडच्या खोलीतल्या बाळंतिणी
या आवाजाला सरावल्यात.
त्यांच्या लेकरांना पहिल्याच दिवशी मांडीत लस मिळते,
ती रडतात, आणि रडू देत.

किटवर एक रेघ आली तर काही नाही.
दुसरी उमटली तर मी आधी पंख्याकडं बघते,
मग माणसाकडं.
मागच्या उन्हाळ्यात दुसरी रेघ
एकाला आली, मग एकीला, मग तिच्या जावेला.
नावं सांगत नाही, सांगायची नसतात.
सगळे साठीच्या आसपास, सगळे आमच्या गावचे,
कोणाला कधी रक्त चढलेलं नाही.
मी विचारलं, पूर्वी सुया घेतल्या होत्या का?
म्हातारी हसली,
"तुयाच बापाच्या डब्यातली, पोरी. इसरली काय?"

बापाला बोलावलं तेव्हा त्यानं
न सांगता दंड मोकळा केला.
बोट दे, मी म्हटलं.
रेघ आली फिकट,
कुंकवाच्या काडीनं ओढल्यासारखी.
हिपॅटायटीस सी, मी म्हटलं.
तो म्हणाला, "सी म्हंजे कितवा?"

घरी आईनं त्याचा पेला वेगळा ठेवला.
मी त्यातला उरलेला चहा तिच्यादेखत प्याले.
पेल्यानं होत नाही, आई, पंगतीनं होत नाही,
रक्ताला रक्त भेटावं लागते.
त्याचं दाढीचं पातं मात्र
भावाच्या पात्याजवळून उचललं,
त्याला निराळी डबी दिली.

वरच्या दवाखान्यातून औषध मिळालं.
तीन महिने, एक दिवसही चुकवायचं नाही.
पहिल्या रात्री तळहातावर घेऊन बाप बराच वेळ बघत राहिला.
"गोयी," तो म्हणाला. "नुसती गोयी."

त्यानंतरच्या बुधवारपासून तो बाजारात जातो.
न्हाव्याच्या खुर्चीमागं उभा राहून म्हणतो, पातं बदल.
गोंदणाऱ्याच्या मशीनवर हात ठेवतो,
पहिले सुई दाखव.
लोक म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.
ओळखीचं कोणी दिसलं की
त्याला माझ्याकडं धाडतो, स्वतः सोबत येतो,
बाहेरच्या बाकावर बसून राहतो.

रात्री तो आठवून आठवून नावं सांगतो,
मी वहीत उतरवते.
कोणाचा कोणता दंड, तेही त्याला आठवते.
एकेचाळिसाव्या नावावर तो थांबला.
कंदील नव्हता, बल्ब होता, तरी त्यानं डोळ्यांवर हात धरला.
"तुलेबी टोचली होती. तिसरीत होती तवा."

सकाळी केंद्र उघडायच्या आधी
मी पाकीट फाडलं. आवाज मीच ऐकला.
उजव्या हातानं डावं बोट.
वीस मिनिटं थांबायचं असते.
पंखा फिरतोय,
बाहेर बाकावर बाप येऊन बसलाय,
आज बुधवार नसतानाही.