ओळखीचे पत्ते

सफोकच्या तळावर मी पत्ते दाखवायचे.
खेळायचे नव्हेत; काळ्या शाईतली विमानं,
पोटाकडून, बाजूने, समोरून.
तीन सेकंद वर धरायचा पत्ता, मग उलटा.
सांगा, कोण?

मिनेसोटाचा ऑर्विल स्टेनर्सन
पत्ता पुरता वर यायच्या आत ओरडायचा,
चुकला तरी तितक्याच जोरात.
त्याच्या गावी उशीर हाच गुन्हा.
खुराड्याशी काही हललं की आधी बार काढायचा,
आपलाच कुत्रा निघाला तर रडायचं सावकाश.

वात्सवाफ द्रोज्द हाताची घडी घालून बसायचा.
त्याला एकच विमान पाठ होतं,
बहिणीच्या शाळेवर झेपावलेलं.
"बाकीची तुमची. तुम्हीच ओळखा."

आणि ह्यू पेनहॅलो, आमचा, कॉर्नवॉलचा.
हात अर्धाच वर, नजर बुटांवर:
"बहुधा... म्हणजे, माझी चूकही होत असेल..."
उत्तर दर वेळी बरोबर.

चहाला तीन टेबलं.
साखर कुणी किती घ्यावी यावरून एकदा हातघाई झाली.
प्रत्येक टेबलावर 'आम्ही' बसलेले,
'आपण' कुठल्याच खुर्चीत नाही.

मी कमांडरकडे गेले होते.
म्हटलं, विमानांचे झाले, आता बोलण्याचे पत्ते करू या.
ह्यू "जरा गडबड आहे" म्हणतो
तेव्हा त्याचं इंजिन पेटलेलं असतं.
ऑर्विलच्या देशात जरा म्हणजे जरा.
आणि द्रोज्द गप्प बसला तर तो होकार नसतो, सर,
तो अजून मनात भाषांतर करतोय.

कमांडर हसले.
"पंखांना पट्टे दिलेत की, काळे-पांढरे!
आंधळ्यालाही दिसतील."

त्या संध्याकाळी ढग चर्चच्या कळसाला टेकले होते.
ढगात काळं-पांढरं नसतं. सगळं राखाडी.

हेडफोन माझ्या कानाला.
ह्यूचा आवाज, चुकून भलत्याच घराची बेल वाजवल्यासारखा:
"माझ्या मागे जो कुणी आहे, माफ करा हं,
तुमचा माझ्याबद्दल थोडा गैरसमज झालेला दिसतो."

मग द्रोज्द. एकच शब्द, दोनदा, पोलिशमधून.
चौकशीत तो कुणालाच लिहिता आला नाही.
कारकुनाने लिहिलं: अस्पष्ट.

ऑर्विलने शपथेवर सांगितलं,
ऐकलं होतं, सर. सगळं ऐकलं होतं.
वाटलं, कुणीतरी कुणाशी तरी बोलतंय.
माणूस मरताना
असं बोलतो का हो?

अहवाल सव्वा पानाचा.
दोष हवामानाचा.
पट्टे आणखी चार इंच रुंद करावेत, अशी शिफारस.

सोमवारी वर्ग भरला. नेहमीचीच गड्डी.
पिसली नव्हती, ती माझी चूक.
चौथा पत्ता ह्यूच्या विमानाचा निघाला.
एक सेकंद. दोन. तीन.
ऑर्विलने तोंड उघडलं नाही.
माझ्याने पत्ता उलटा करवेना.
द्रोज्दने खिशातून साखरेची पुडी काढली,
त्याच्यापुढे सरकवली. त्याने घेतली नाही,
परतही केली नाही.

तेवढ्यात बाहेर इंजिनाची घरघर आली.
सगळ्यांनी एकदम वर पाहिलं.

वर पत्र्याचं छत होतं.