तुम्मस, चेंडू!

आमच्या मैदानाला तीन बाजूंनी समुद्र,
चौथीकडे मेंढ्या.
चेंडू जाळीवरून पाण्यात गेला
की शिट्टीआधी माझं नाव वाजतं: तुम्मस!
मग मी वल्ही उचलतो.
मॅचमागे दोनशे क्रोनर
आणि वाटीभर मटणाचं सूप, ते बहुधा गार.

सुन्नवाला मी आधी ओळखलं ते तिच्या चेंडूंवरून.
बाकी पोरींचे यायचे भरकटत, वाऱ्याने ढकललेले.
हिचा यायचा ठरवून,
उंच, काठापासून चाळीस हात आत,
नेमका जिथे प्रवाह वळतो
आणि मला आणायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.
तेवढ्यात तिच्या बाजूच्या चौघी
गुडघ्यांवर हात टेकून श्वास भरून घ्यायच्या.

बारा वर्षांची होती.
मी ओरडलो, अगं, माझ्या वयाचा तरी विचार कर!
ती काठावरून म्हणाली,
वय राहू दे, मिनिटं किती उरलीत?

सतराव्या वर्षी देशाच्या संघात गेली.
देश म्हणजे काय, फेरो बेटं,
समोरच्यांच्या एका स्टेडियममध्ये अख्खे मावू आम्ही,
मेंढ्या सोडून.
पहिल्याच मॅचमध्ये आठ गोल झाले.
पेपरात होतं, धुव्वा.
मला ती म्हणाली, नववा होऊ दिला नाही.
आणि सात वाजता कारखान्यात हजर,
रबरी बुटात सुजलेला पाय कोंबून
सॅल्मनचे काटे काढत.

आमच्याकडे पेनल्टीच्या वेळी
एकीला गवतावर आडवं पडून
चेंडूला बोट लावून धरावं लागतं,
नाहीतर मारायच्या आधीच वारा तो घेऊन जातो.
ते बोट कायम सुन्नवाचं.
गोल ज्यांनी मारले त्यांची नावं
शाळेच्या भिंतीवर रंगवली आहेत.
बोटाचं नाव कोण रंगवतं?

तिचं नाव फलकावर लागलं, एकदाच.
नव्वद मिनिटं होऊन गेलेली, पाऊस आडवा,
कुणाच्या तरी कॉर्नरवर
चेंडू तिच्या गुडघ्याला लागून
आमच्याच जाळीत.
स्वयंगोल.
तिच्या आईने ते कात्रण चुलीत घातलं.
मी माझं ठेवलं आहे,
होडीच्या खणात, गळांच्या डबीखाली.
का ते मलाही नीट सांगता येत नाही.
ज्या दिवशी चूक झाली त्या दिवशीही
ती तिथेच उभी होती, एवढंच.

तोच गुडघा कोपनहेगनला दोनदा उघडला.
जिंकलो ते सहा वेळा.
त्याबद्दल बोलायला गावात पुष्कळ लोक आहेत.

शेवटची मॅच झाली,
फुलं मिळाली, चौकटीतला शर्ट मिळाला,
आणि जूनमधल्या एका संध्याकाळी,
म्हणजे आमच्याकडची संध्याकाळ, मावळायचं नाव नाही,
ती धक्क्यावर आली.
म्हणाली, आज मी पण येते.

लहान मुलींचा सराव चालला होता.
चेंडू पडला, आम्ही निघालो.
पाण्यातून वळून तिने मैदान पाहिलं
आणि वल्हं हातातच राहिलं.

गोल इतका लहान आहे?

मी म्हटलं, आहे तेवढाच आहे.

सतरा वर्षं, ती म्हणाली,
पाठीमागे होता ना,
मला वाटायचं, डोंगराएवढा असेल.

मी काही बोललो नाही.
चेंडू तोवर प्रवाहाला लागला होता.
काठावरून कुणीतरी बारीक आवाजात ओरडलं, तुम्मस!
सुन्नवाने हात वर केला
आणि सावकाश,
मुद्दामच सावकाश,
वल्ही मारायला लागली.