प्रत्येकी अर्धा गुण

केंजळे मॅडम म्हणाल्या, रविवारपर्यंत पाच प्रयोग,
प्रत्येकी अर्धा गुण,
स्क्रीनशॉट पाठवा, कारणं पाठवू नका.
मला पास व्हायला दोन कमी पडत होते.

कर्वेनगर, तिसरा मजला, गुरुवार,
म्हणजे वीज नाही.
शबनूरच्या फोनचं नेट,
माझ्या लॅपटॉपची एकतीस टक्के बॅटरी.

पहिला : रंग सांगा, शब्द वाचू नका.
'हिरवा' लिहिलंय लाल अक्षरांत
आणि माझं बोट हिरव्याकडे धावतं.
ज्यांनी ज्यांनी पाटीवर माझा हात धरून गिरवून घेतलं
त्या सगळ्यांचा अचानक राग येतो.
एकदा वाचता यायला लागलं
की न वाचणं कुठून आणायचं?

दुसरा : ठिपका दिसला की स्पेसबार.
खाली भंगारवाला ओरडला
आणि मी ठिपक्याआधीच दाबलं.
सरासरी चारशे बारा मिलिसेकंद.
शबनूर म्हणाली, आमची मांजर बरी.

तिसऱ्यात एकच फोटो दोनदा लुकलुकतो,
काहीतरी बदलतंय, ओळखा.
पन्नास सेकंद मी माणसांचे चेहरे तपासत बसले.
बदलत होती मागची अख्खी भिंत.

प्रत्येक वेळी खाली एकच ओळ :
तुमचा निकाल अपेक्षेप्रमाणे.
बारा वर्षं शाळेत चुकले, कुणी अर्धा गुण दिला नाही.
इथे बरोब्बर चुकावं लागतं.

चौथा : पंधरा शब्द, एकेक सेकंद.
उशी, गादी, जांभई, रात्र, पांघरूण,
घोरणं, स्वप्न, पहाट, असे.
मग विचारतात, यादीत 'झोप' होता?
होता.
खात्री किती, एक ते पाच?
पाच.

नव्हता.
मी दोनदा मागे जाऊन पाहिलं.

ही गंमत सांगायला आईला फोन लावला.
म्हटलं, बघ ना, मी पुण्यात आले त्या दिवशी स्वारगेटला
बाबांनी बिनबर्फाचा रस घेऊन दिला ते कसं लख्ख आठवतं,
तसंच हे पण
आई मध्येच थांबवत म्हणाली,
अगं, ते कुठे होते? डेपोत ड्यूटी होती त्यांची.
तुला सोडायला भागवतमामा आलेला.

फलाट. पत्र्याची पेटी. करमाळा गाडीचा हॉर्न.
रसवंतीचे घुंगरू. चुरगळलेली पन्नासची नोट.
खिडकीवर दोनदा टकटक. पोचलीस की कळव.
सगळे शब्द यादीत आहेत,
आणि सगळे एकाच माणसाकडे तोंड करून उभे.

आई विचारत होती, जेवलीस का.
मी हो म्हटलं, ते तरी खरं होतं बहुतेक.

बॅटरी चार टक्के.
पाचवा राहू दे, शबनूर म्हणाली,
चार अर्धे दोन, सुटलीस तू.

खात्री किती, एक ते पाच?
काचेचा ग्लास, कडेला टवका उडालेला,
तो टवका चुकवून प्यायला सांगणारा
तो आवाज मामाचा नाही.